टाकीचे घाव आणि काउआईची मुलं

दहावी-बारावीचा निकाल लागला की दुसऱ्या दिवशीच्या पेपरात एक बातमी हमखास असते. वडील हमाली करतात, आई चार घरची धुणीभांडी करते, दहा बाय दहाच्या खोलीत सहा माणसं, आणि पोरीला नव्वदच्या वर टक्के. मग सत्कार, शाल-श्रीफळ, पेढा भरवतानाचा फोटो. भाषणात कुणीतरी म्हणतंच, टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही. पोरीचं कौतुक व्हायलाच हवं, त्यात वाद नाही. पण ही म्हण जन्माला आली ती मूर्ती बघणाऱ्याच्या तोंडून. पाथरवटाला विचारलं तर तो सांगेल, किती दगड मधेच तडकले आणि बाजूला टाकावे लागले. त्यांच्या बातम्या होत नाहीत.

तडकलेले आणि घडलेले, दोन्ही मोजायचे तर मुलं जन्माला येण्याआधीपासून वही उघडून बसायला हवं आणि पुढे चाळीस वर्षं ती मिटता कामा नये. हवाई बेटांपैकी काउआई या उत्तरेकडच्या बेटावर हे काम झालं. १९५५ साली तिथल्या बहुतेकांचं पोट उसाच्या आणि अननसाच्या मळ्यांवर चालायचं. मजूर कुणी जपानी वंशाचे, कुणी फिलिपिनो, कुणी मूळचे हवाईयन. त्या वर्षी बेटावर जन्मलेल्या ६९८ मुलांची, आया गरोदर असल्यापासून, नोंद ठेवायला सुरुवात झाली. बालरोगतज्ज्ञ, परिचारिका, समाजसेवक, मानसशास्त्रज्ञ अशी सगळी फौज होती. मूल एक वर्षाचं झालं की तपासणी, मग दोन, दहा, अठरा, बत्तीस आणि चाळिसाव्या वर्षी. एमी वर्नर आणि रूथ स्मिथ या दोघींचं नाव या अभ्यासाशी कायमचं जोडलं गेलं. वर्नर मूळच्या जर्मनीतल्या, त्यांचं स्वतःचं बालपण दुसऱ्या महायुद्धात गेलेलं.

या मुलांपैकी २०१ जणांच्या वाट्याला दोन वर्षांचं व्हायच्या आतच चार किंवा त्याहून जास्त अडचणी आल्या होत्या. गरिबी, बाळंतपणातली गुंतागुंत, घरातली कायमची भांडणं, दारुडा किंवा मानसिक आजार असलेला पालक, आईचं जेमतेम शिक्षण. यांतल्या दोनतृतीयांश मुलांचं पुढे तेच झालं ज्याची भीती होती. दहाव्या वर्षापर्यंत शाळेत मागे पडणं किंवा वागण्यातले गंभीर प्रश्न, अठराव्या वर्षापर्यंत कुणाची पोलिसांत नोंद, कुणाला मानसिक आजार, काही मुली लग्नाआधीच आई झालेल्या. उरलेली ७२ मात्र नीट वाढली. शाळेत ठीक, घरात ठीक, माणसांत मिसळणारी. चाळिसाव्या वर्षी त्यांना गाठलं तेव्हा एकही बेरोजगार नव्हता, एकही कायद्याच्या कचाट्यात सापडलेला नव्हता, एकही सरकारी मदतीवर जगत नव्हता. आणि ही भेट होण्याच्या तीन वर्षं आधी, ११ सप्टेंबर १९९२ ला, इनिकी नावाच्या चक्रीवादळाने ते सगळं बेट झोडपून काढलं होतं.

म्हणजे दर तिघांत एक. ग्लास अर्धा भरलेला की रिकामा, हा वाद इथे घालण्यात अर्थ नाही. खरा प्रश्न हा की या बहात्तर जणांकडे असं काय होतं?

पहिलं उत्तर थोडं निराश करणारं आहे, कारण ते नशिबाचं आहे. ही मुलं तान्ही असतानाच आया त्यांच्याबद्दल वेगळं बोलत. बाळ हसरं आहे, कडेवर घ्यावंसं वाटतं, झोपेचा-दुधाचा त्रास नाही. असं बाळ शेजारच्या काकूही उचलून नेते. किरकिऱ्या बाळाच्या वाट्याला तेवढी माणसं येत नाहीत, आणि दमलेल्या घरात तर मुळीच नाही.

दुसरं उत्तर माणसांचं. या प्रत्येक मुलाला निदान एक तरी असं माणूस मिळालं होतं, जे स्वतः स्थिर होतं आणि ज्याचा या मुलावर जीव होता. ते माणूस आई-बापच असेल असं नाही. बहुतेकदा आजी, आजोबा, मावशी, मोठी बहीण. घराबाहेर एखाद्या आवडत्या बाई किंवा सर, शेजारी, प्रार्थनास्थळातलं कुणी. मुलग्यांच्या बाबतीत घरात काही नियम, काही शिस्त आणि अनुकरण करावं असा एखादा पुरुष असणं उपयोगी पडलं. मुलींच्या बाबतीत स्वतःच्या पायावर उभं राहण्याला प्रोत्साहन आणि पाठीशी भरवशाची एखादी बाई. तिसरं, या मुलांना काहीतरी एक येत होतं. फार मोठी प्रतिभा नव्हे. वाचन असेल, पोहणं असेल, एखादा छंद असेल. घरात कल्लोळ झाला की जाऊन बसायला ती एक जागा होती.

आणि चौथं उत्तर, ज्यावर मला जरा थांबावंसं वाटतं. या मुलांना घरात कामं होती. धाकट्याला सांभाळणं, आजारी माणसाचं बघणं, स्वयंपाकाला हात लावणं. आपण केलं नाही तर घराचं अडेल, हे त्यांना ठाऊक होतं. वर्नर यांनी याला महत्त्व दिलं आहे. हे वाचून आपल्याकडचा एखादा म्हणेल, बघा, आम्ही हेच सांगत होतो. पण जरा बीडकडे बघा. दिवाळीच्या आगेमागे तिथून ऊसतोड कामगारांच्या टोळ्या निघतात. नवरा-बायको मिळून एक कोयता, मुकादमाकडून घेतलेली उचल फिटेपर्यंत पाच-सहा महिने कारखान्याच्या परिसरात मुक्काम. आई-बाप उजाडायच्या आत फडात गेले की कोपीत मागे राहते ती दहा-अकरा वर्षांची थोरली. पाणी तिने आणायचं, धाकट्याला तिने कडेवर घ्यायचं, भाकरी तिने थापायची. काउआईतली मुलगीही भावंड सांभाळत होती आणि ही मुलगीही सांभाळते. फरक एवढाच की एकीची शाळा चालू होती आणि संध्याकाळी तिच्या डोक्यावरून हात फिरवणारी आजी घरात होती, तर दुसरीची शाळा सुटली आणि आजी गावी राहिली. काम तेच, पण एकीला त्यातून कळतं की मी उपयोगाची आहे आणि दुसरीला कळतं की माझी सुटका नाही. ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठीची हंगामी वसतिगृहं किंवा साखरशाळा यांच्याकडे कल्याणकारी खर्च म्हणून बघितलं जातं. काउआईच्या वहीतून बघितलं तर मानसिक आरोग्याच्या दृष्टीनेही ती पैसे टाकण्याजोगी जागा आहे.

बहात्तर जणांची गोष्ट निव्वळ गोडही नव्हती. मोठेपणी त्यांच्यातल्या काहींनी आई-वडील आणि भावंडांपासून ठरवून अंतर राखलं होतं. त्या घरातली भांडणं आणि व्यसनं आपल्याला पुन्हा ओढून घेतील, ही धास्ती होती. तगून राहण्याची किंमत असते, ती सत्काराच्या भाषणात येत नाही.

या अभ्यासातला माझ्या मते सर्वांत मोलाचा भाग मात्र त्या बहात्तरांचा नाही. तो उरलेल्या १२९ जणांचा आहे. अठराव्या वर्षी ज्यांच्यावर वाया गेल्याचा शिक्का बसला होता, त्यांच्यातले बरेचसे बत्तीस ते चाळीस या वयात मार्गाला लागलेले दिसले. सगळे नाहीत, पण बरेच. कुणी सैन्यात गेलं आणि तिथे हातात एक कसब आलं. कुणी नोकरी सांभाळून कॉलेज पूर्ण केलं. कुणाला भला जोडीदार मिळाला. कुणी एखाद्या धर्मसमुदायाशी जोडलं गेलं. लवकर आई झालेल्या मुलींपैकी कित्येकींनी पुढे शिक्षण आणि नोकरी दोन्ही जमवलं. अठराव्या वर्षीच वही मिटली असती तर यातलं काहीच कळलं नसतं. दुसरी संधी चालून आली, ती घेण्याइतपत दार उघडं होतं, एवढंच. आपल्याकडे दहावी नापासाला आयटीआयचा किंवा रात्रशाळेचा रस्ता असतो, त्याकडे आपण दुय्यम म्हणून बघतो.

सगळंच भरून निघतं असंही नाही. रुमानियात निकोलाय चाउशेस्कूच्या राजवटीत अनाथालयांत हजारो मुलं पाळण्यात पडून होती. खाणं मिळायचं, अंगाला हात लागायचा तो लंगोट बदलण्यापुरता. २००० साली बुखारेस्टमध्ये तशाच अनाथालयांतल्या १३६ मुलांवर एक प्रयोग सुरू झाला. चिठ्ठ्या टाकाव्यात तशी निम्मी मुलं प्रशिक्षित पालक-कुटुंबांकडे दिली, निम्मी नेहमीच्या व्यवस्थेत राहिली. घरी गेलेल्यांची बुद्धी, भाषा, माणसाला बिलगण्याची सवय, सगळं सुधारलं. पण दोन वर्षांची व्हायच्या आत जी घरी गेली त्यांना सर्वाधिक फायदा झाला. उशिरा गेलेल्यांना मिळालं ते कमी मिळालं. बाळाच्या मेंदूला घाई असते.

आता बालपणीच्या घावांच्या मोजदादीकडे. १९८० च्या दशकात अमेरिकेतल्या सॅन दिएगोमध्ये डॉ. व्हिन्सेंट फेलिटी लठ्ठपणावरचं एक केंद्र चालवत होते. वजन झपाट्याने उतरणारे रुग्णच मधेच सोडून जातात, हे कोडं त्यांना सुटेना. मुलाखती घेतल्या तेव्हा एकामागून एक लोक बालपणीच्या लैंगिक अत्याचाराबद्दल बोलू लागले. काहींसाठी ते वजन म्हणजे आडोसा होता. पुढे डॉ. रॉबर्ट आंडा यांच्या साथीने १९९५ ते १९९७ या काळात १७ हजारांहून अधिक प्रौढांना प्रश्नावली दिली गेली. मारहाण, अपमान, लैंगिक अत्याचार, दुर्लक्ष, आईला होणारी मारहाण, घरातलं व्यसन, मानसिक आजार, आई-वडिलांचं विभक्त होणं, घरातलं कुणी तुरुंगात असणं. प्रत्येक 'हो'ला एक गुण. १९९८ साली पहिला निबंध छापून आला. चार किंवा जास्त गुण असलेल्यांत, शून्य गुणवाल्यांच्या तुलनेत, दारूचं व्यसन, नैराश्य, आत्महत्येचा प्रयत्न यांचा धोका चार ते बारा पट दिसला. आणि ही माणसं झोपडपट्टीतली नव्हती. बहुतेक गोरे, शिकलेले, आरोग्यविमा असलेले मध्यमवर्गीय होते.

त्या गुणांच्या आकड्याने डॉक्टरांचे डोळे उघडले, हे खरं. पण पुढे लोकांनी त्याची जन्मपत्रिका करून टाकली. 'माझे सहा गुण आहेत' असं माणसं एकमेकांना सांगू लागली. शेवटी २०२० साली आंडा यांनाच लिहावं लागलं की हा आकडा समूहांसाठी आहे, एका माणसाचं भविष्य सांगायला वापरू नका. शिवाय त्या यादीत भूक नाही, स्थलांतर नाही, पालकाचा मृत्यू नाही, जात तर नाहीच. आपल्याकडे तीच प्रश्नावली जशीच्या तशी वाटणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवलेलं बरं.

आठवणीचाही एक घोळ आहे. ज्या मुलांच्या छळाची नोंद त्या त्या वेळीच झालेली होती, अशांना मोठेपणी विचारलं तर निम्म्याहून अधिक जण 'तसं काही झालं नाही' म्हणतात. उलट, मोठेपणी 'हो' म्हणणाऱ्यांपैकी निम्म्याहून अधिक जणांची जुनी नोंद सापडत नाही. २०१९ साली सोळा अभ्यास एकत्र करून हे मांडलं गेलं. पुढच्याच वर्षी आंद्रेया दानेझे आणि कॅथी विडम यांनी त्याहून बुचकळ्यात टाकणारी गोष्ट दाखवली. न्यायालयात छळाची नोंद आहे पण स्वतःला तसं वाटत नाही, अशांत मानसिक आजार फारसे वाढलेले नव्हते. स्वतःला तसं वाटतं अशांत ते वाढलेले होते, मग कागदावर नोंद असो वा नसो. याचा अर्थ त्रास हा मनाचा खेळ आहे असा काढणाऱ्याला माझा हात जोडून नमस्कार. अर्थ इतकाच, की काय घडलं याच्याइतकंच त्या घडण्याने माणसाला स्वतःबद्दल आणि जगाबद्दल काय पढवलं, हेही आजारात उतरतं.

इथे आशावाद येतो. मानसशास्त्रात आशावाद म्हणजे हसतमुख चेहरा किंवा भिंतीवरचं सुविचाराचं पोस्टर नव्हे. पुढे चांगलं घडेल अशी माणसाची एकंदर अपेक्षा किती, एवढंच त्यात मोजतात. मायकेल शायर आणि चार्ल्स कार्व्हर यांनी १९८५ साली त्यासाठी छोटी प्रश्नावली केली, तिची सुधारित आवृत्ती आजही वापरात आहे. जुळ्यांच्या अभ्यासावरून अंदाज असा की आशावादातला साधारण पाव हिस्सा आनुवंशिक. बाकीचा आयुष्य भरतं. ज्यांचं बालपण हालात गेलं त्यांच्यात तो सरासरीने कमी आढळतो, आणि तो कमी असला की नैराश्याला वाट मोकळी होते.

हे कसं होतं याचा धागा कुत्र्यांवरच्या एका निर्दय प्रयोगातून हाती आला. १९६७ साली मार्टिन सेलिगमन आणि स्टीव्हन मायर यांनी कुत्र्यांचे गट केले. एका गटाला विजेचे झटके बसत, पण डोक्याने फळी दाबली की झटका थांबे. दुसऱ्या गटाला अगदी तेवढेच झटके, पण त्यांनी काहीही केलं तरी फरक पडत नसे. नंतर दोघांना अशा खोक्यात ठेवलं, जिथे बुटकी भिंत ओलांडली की सुटका. पहिल्या गटाने उडी मारली. दुसऱ्या गटातले बरेचसे तिथेच पडून, कण्हत झटके सोसत राहिले. घाव दोघांना सारखेच होते. एकाच्या हातात फळी होती.

पुस्तकांत हे 'शिकलेली असहायता' म्हणून पोचलं. पण जवळजवळ पन्नास वर्षांनी, २०१६ साली, मायर आणि सेलिगमन यांनी आपलाच सिद्धांत उलटा केला. मधल्या काळात मायर यांनी उंदरांच्या मेंदूंत खोलवर पाहिलं होतं. दीर्घ त्रासात हातपाय गाळणं ही मेंदूची मूळचीच प्रतिक्रिया निघाली, ती शिकावी लागत नाही. शिकावं लागतं ते दुसरं, आपल्या करण्याने फरक पडतो हे. मेंदूच्या पुढच्या भागाला ते एकदा कळलं की तो खालच्या यंत्रणेला आवरतो, आणि पुढचा त्रास आटोक्याबाहेरचा असला तरी तेवढं खचायला होत नाही.

हे मनात धरून काउआईकडे परत बघितलं की विखुरलेल्या गोष्टी एका ओळीत येतात. बाळ रडलं आणि आजी आली, ही पहिली फळी. भात शिजवला आणि घर जेवलं, ही दुसरी. चित्र काढलं आणि बाईंनी भिंतीवर लावलं, ही आणखी एक. आशावाद हा त्या लहान लहान पुराव्यांचा साठा असतो. ज्या घरात बापाचा मूडच हवामान ठरवतो, काल ज्यावर हसला त्यावरच आज मारतो, तिथे मूल कितीही शहाणं वागलं तरी पुरावा जमत नाही.

टाकीच्या घावांच्या म्हणीचे पुरस्कर्ते इथे एक अभ्यास पुढे करतील, आणि तो दडवण्याचं कारण नाही. २०१० साली मार्क सीरी आणि सहकाऱ्यांनी २,३९८ अमेरिकनांची पाहणी छापली. आयुष्यात काहीच वाईट न घडलेल्यांपेक्षा थोडंफार सोसलेल्यांचं मन जास्त निरोगी निघालं, फार सोसलेल्यांचं मात्र सर्वांत वाईट. थोडंफार, म्हणजे अशा घटना मोजक्याच. त्यातून मुलाला घाव घालण्याचा परवाना निघत नाही. आपल्याकडे तो परवाना गृहीतच धरलेला असतो. केंद्र सरकारच्या महिला व बालविकास मंत्रालयाने २००७ साली १३ राज्यांतल्या १२,४४७ मुलांची पाहणी जाहीर केली. दर तिघांपैकी दोघांनी मार खाल्लेला होता, आणि घरात मार खाल्लेल्यांना मारणारे बहुतेक वेळा आई-बापच होते.

मग काय बदलता येतं? एक उत्तर पैशाचं. अमेरिकेच्या ग्रेट स्मोकी डोंगराळ भागात जेन कॉस्टेलो १९९३ पासून १,४२० मुलांचा माग ठेवत होत्या. त्यातली एक चतुर्थांश चेरोकी आदिवासी. १९९६ साली चेरोकींनी आपल्या जमिनीवर कॅसिनो उघडला आणि नफ्याचा वाटा दर सहामाहीला प्रत्येक सभासदाला मिळू लागला, काम असो वा नसो. संशोधकांनी न मागता प्रयोग समोर आला. गरिबीतून वर आलेल्या घरांतल्या मुलांचा आक्रमकपणा, चोरी, मारामाऱ्या चार वर्षांत कधीच गरीब नसलेल्या मुलांच्या पातळीवर उतरल्या. पैशाने हे कसं केलं, हे शोधलं तेव्हा आढळलं की आई-बापांना मुलांकडे लक्ष द्यायला सवड मिळाली होती. चिंता आणि नैराश्य मात्र त्या चार वर्षांत फारसं हललं नाही. ते हट्टी असतं.

त्या हट्टी दुखण्यावर गोव्यात एक काम झालं. विक्रम पटेल आणि त्यांच्या 'संगथ' संस्थेने प्राथमिक आरोग्य केंद्रांत येणाऱ्या, तीव्र नैराश्य असलेल्या ४९५ जणांवर एक साधी पद्धत तपासली, निष्कर्ष २०१७ साली प्रसिद्ध झाले. समुपदेशक मानसोपचारतज्ज्ञ नव्हते, थोडं प्रशिक्षण घेतलेली साधी माणसं होती. बैठका सहा ते आठ, दवाखान्यात नाहीतर रुग्णाच्या घरी. बालपण उकरणं नाही, सकारात्मक विचार करा असा उपदेश नाही. दिवसभरात तुम्ही काय करता, त्यातलं काय केल्यावर जरा बरं वाटतं, ते आधी लिहायचं, लिहिता येत नसेल तर चित्रावर खूण करायची. मग पुढच्या आठवड्यासाठी एकच छोटं काम ठरवायचं. शेजारणीकडे जाऊन बसणं, बंद पडलेलं शिवणयंत्र पुसून चालू करणं, सकाळी बाजारात चालत जाणं. ते झालं का, झालं नसेल तर कुठे अडलं, आणि पुन्हा नवं काम. तीन महिन्यांनी ही पद्धत मिळालेल्यांपैकी ६४ टक्के लोक नैराश्यातून बाहेर आले होते. नेहमीच्या उपचारावर असलेल्यांत हे प्रमाण ३९ टक्के होतं.